परदेशातून : काट्यावरचा विश्वास

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाचं पहिलं सरकारी काम म्हणजे पत्त्याची नोंदणी, इथल्या भाषेत 'आनमेल्डुंग'. त्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेली ख्रिस्ती मुलं तो खानेसुमारीच्या फॉर्मसारखा भरून मोकळी होतात आणि पहिल्या पगाराच्या पावतीवर अडखळतात. पावतीवर 'आरके' (रोमन कॅथलिक) किंवा 'ईव्ही' (प्रोटेस्टंट राज्यचर्च) अशी दोन अक्षरं असतात आणि त्यांच्यापुढे कापलेली रक्कम. हा चर्चकर. बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के. टक्केवारी उत्पन्नावर नसते, आयकरावर असते. वर्षाला ६,००० युरो आयकर बसत असेल तर ९ टक्क्यांनी ५४० युरो चर्चला जातात.

बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीतला, म्हणजे तिथल्या चर्चचा सभासद असलेला माणूस इथे हमखास फसतो. आपण प्रोटेस्टंट, म्हणून तो 'इव्हांगेलिश' लिहितो. जर्मनीत त्या शब्दाचा अर्थ राज्यचर्च असा घेतला जातो. इथलं मेथडिस्ट चर्च सरकारमार्फत कर गोळा करत नाही, सभासदांच्या वर्गणीवर चालतं. म्हणजे ज्या चर्चचा तो सभासद नाही त्याला त्याचे पैसे जातात आणि ज्याचा आहे ते कोरडं राहतं. यातून बाहेर पडायचं तर राज्याप्रमाणे नोंदणी कार्यालयात किंवा स्थानिक न्यायालयात ओळखपत्र घेऊन जायचं, बहुतेक ठिकाणी तिसेक युरो भरायचे, सही करायची. मिळालेला दाखला जन्मभर सांभाळायचा, कारण पुढे गाव बदललं की तो पुन्हा मागतात. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून जास्त लोक अशा रीतीने कॅथलिक चर्चमधून बाहेर पडले. कोणी कारण विचारलं नाही, कोणाच्या नावाची नोटीस लागली नाही. चर्चने मात्र आपला हिशेब ठेवला: जर्मन बिशपांच्या २०१२ च्या फर्मानाप्रमाणे बाहेर पडलेल्याला प्रभुभोजन नाही.

आता आपल्याकडचा अर्ज. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावातच, सुवर्ण विधानसौधच्या हिवाळी अधिवेशनात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज द्यायचा, धर्मांतराचा विधी करणाऱ्यानेही ३० दिवस आधी दुसरा. मग नोटीस फलकावर लागते आणि ३० दिवस कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली तर महसूल किंवा समाजकल्याण खात्याची चौकशी. विधी झाल्यावर ३० दिवसांत तिसरा अर्ज आणि त्यानंतर प्रत्यक्ष हजेरी. तक्रार करण्याचा हक्क आईबाप, भाऊबहीण आणि नातेवाइकांना तर आहेच, सहकाऱ्यालाही आहे. शिक्षा ३ ते ५ वर्षं, आणि ज्याचं धर्मांतर झालं ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर १० वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र. आपण फसवलं नाही हे आरोपीने सिद्ध करायचं. आधीच्या धर्मात परत जाणं मात्र धर्मांतरात धरलेलं नाही. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळाच्या ठरावाने कायदा रद्द होत नाही, त्यासाठी विधेयक दोन्ही सभागृहांतून न्यावं लागतं.

दोन अर्जांपैकी कुठला बरा हे सांगायला पांडित्य लागत नाही. तरी कर्नाटकाच्या कायद्यातली एक व्याख्या सीमाभागातल्या मंडळ्यांनी नीट वाचायला हवी होती, असं इथून सारखं वाटतं. वाचली ती वकिलांनी, जामिनापुरती. ती व्याख्या 'आमिषा'ची. भेटवस्तू, पैसा, वस्तूरूपातला फायदा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळाकॉलेजातलं मोफत शिक्षण, चांगल्या राहणीचं आश्वासन, हे सगळं त्यात येतं. दोनशे वर्षांत मिशनने या भागात उभं केलेलं जवळजवळ सगळं काम या यादीत बसतं. लंडन मिशनरी सोसायटी १८२० मध्ये बेळगावात आली ती शाळा घेऊन. पुढे दवाखाना, वसतिगृह, दुष्काळातलं अन्न. हेतू शुद्ध असेलही, पण या सगळ्याचं रूप दानाचं होतं. देणारा वर, घेणारा खाली, आणि घेणाऱ्याने काही वर्षांनी बाप्तिस्मा घेतला की गाव म्हणणार, पोटासाठी बाटला. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली पंडिता रमाबाईंनी केडगावला नेल्या, तेव्हाही हाच आरोप झाला. आरोप कायम खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. दान आणि आमिष यांच्यात भिंत नसते, बांध असतो, आणि बांध सरकतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

न्यायाचं तसं नाही. एखाद्याला त्याच्याच घामाचे पैसे पूर्ण मिळवून दिले, तर त्याला काय 'दिलं'? काहीच नाही. जे त्याचं होतं ते त्याच्याकडे गेलं. कोणत्याही कलमाखाली ते आमिष ठरवता येणार नाही. आणि शास्त्र उघडून पाहिलं तर भर नेमका इथेच आहे. लेवीय १९:१३ सांगतं, मजुराची मजुरी रातभर तुझ्याकडे ठेवू नकोस. त्याच अध्यायात पुढे ३५-३६ व्या वचनात खरी तागडी, खरी वजनं, खरी मापं. आमोस ८:५ मध्ये संदेष्टा व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, कारण त्यांनी माप लहान आणि वजन मोठं केलं आहे. याकोब ५:४ मध्ये तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मत्तय २३:२३ मध्ये येशू परूश्यांना म्हणतो ते थोडक्यात असं: पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश तुम्ही मोजून देता आणि न्याय विसरता. या वचनांवर उपदेश होत नाहीत असं नाही. पण ते गालीलच्या शेतावर होतात. अथणी, चिकोडी, रायबाग, मूडलगी इथल्या शेतापर्यंत क्वचितच पोचतात.

तिथलं शेत म्हणजे ऊस. नोव्हेंबर २०२५ मध्ये मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले, टनाला ३,५०० रुपये मागत. सरकारने ३,३०० वर तोडगा काढला. दराची बातमी जर्मनीतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंतही आली. काट्याची बातमी कुठेच येत नाही. कारखान्याचा वजनकाटा २ टक्के कमी दाखवत असेल, तर १५ टनांच्या खेपेमागे ३०० किलो ऊस हवेत जातो, म्हणजे ३,३०० च्या दराने ९९० रुपये. एकरी ४० टन धरून दोन एकरवाल्याचे वर्षाला ५,२८० रुपये गेले. ही झाली काटामारी, आणि हा शब्द सीमाभागात लहान पोरालाही समजतो. तिची दुसरी बाजू मात्र सहसा बोलली जात नाही. ऊसतोड टोळीची मजुरीही त्याच टनावर ठरते. टनाला ३५० धरले तर त्याच ३०० किलोंत टोळीचे १०५ रुपये बुडाले. एका काट्याने दोन खिसे कापले. त्यातला एक खिसा आंदोलन करतो, दुसऱ्याला करता येत नाही.

काटा तपासायला चळवळ लागत नाही, वही लागते. वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वजनकाट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी व्हायला हवी, दुरुस्ती झाली तर लगेच, आणि पडताळणीचा दाखला दिसेल असा लावायला हवा. पहिली नजर त्यावरच्या तारखेवर. दुसरी, गाडी चढण्याआधी आकडा शून्य आहे का यावर. तिसरी, सगळी चाकं काट्यावर आहेत का. मागचं चाक चार बोटं बाहेर राहिलं तरी वजन पडतं. भरल्या गाडीच्या वजनाला चालक वर असेल तर रिकामीच्या वेळीही वर, उतरला असेल तर दोन्ही वेळा खाली. टायरला चिखल घेऊन आत गेलेली गाडी पुसून बाहेर आली तर हिशेब उलटा फिरतो, तेव्हा शेतकऱ्यानेही साळसूद चेहरा करू नये. काटा प्रामाणिक आहे की नाही याची खरी परीक्षा टोकांवर होते. तीच गाडी प्लॅटफॉर्मच्या पुढे, मध्ये आणि मागे उभी करून तीन आकडे घ्यायचे. एका टोकाचा वजन टिपणारा सेल बिघडला असेल तर आकडे जुळत नाहीत. बाहेरच्या सार्वजनिक काट्यावर आधी वजन करून नेणं हा जुना उपाय, पण एकट्याने केला तर त्याची गाडी गेटवर दोन दिवस अडकते आणि उन्हात उभ्या उसाचं वजन रोज उतरतं. एकाच दिवशी दहा गाड्यांनी केलं की अडवायची कोणाला हा प्रश्न कारखान्याला पडतो.

पैशाचंही तसंच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. दोन लाखांचं बिल मुदतीनंतर ६० दिवस रखडलं तर व्याज साधारण ४,९३० रुपये होतं. ते आपोआप येत नाही, मागावं लागतं. अर्जाला तोडणीची तारीख, वजनपावती आणि बँकेत जमा झालेली तारीख एवढं जोडलं तरी पुरतं. वसुली महसुली थकबाकीसारखी करता येते. बहुतेकांचे अर्ज इथेच फसतात, कारण वजनपावती गाडीवाल्याकडे राहिलेली असते.

टोळीच्या हिशेबाला पावतीच नसते. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडत फेडत तोडायचं. दिवस चुकला की खाडा, खाड्याला दंड. फेड पुरी झाली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला चिकटते आणि पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्यावर जायचं हे बाकी ठरवते. अशा कर्जाने माणूस बांधला गेला की १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू पडतो. पण व्यवहारात त्यासाठी उचल किती आणि फिटली किती हे कुठेतरी लिहिलेलं हवं. लिहिलेलं असतं ते मुकादमाच्या डायरीत. शेतकऱ्याची तक्रार असते की टोळी खुशाली मागते आणि ट्रॅक्टरवाला एंट्री, म्हणजे दोघंही वरचे पैसे. तक्रार खरी आहे. ज्याला वरून कापलं जातं तो खाली हात घालतो, आणि या साखळीत पूर्ण निर्मळ कोणी उरत नाही. म्हणूनच मला जक्कयाची गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. लूक १९:८ मधला तो जकातदार 'मी पापी आहे' एवढं म्हणून थांबत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला नाडलं त्याला चौपट. पश्चात्तापाला आकडा आहे. तो येशूने मागितला नव्हता, जक्कयाने आपणहून सांगितला. येशू फक्त त्याच्या घरी उतरला होता.

खाड्यावरून शब्बाथ आठवतो. अनुवाद ५:१४ मधली विश्रांतीची आज्ञा घरधन्यापुरती नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका, सगळ्यांना एक दिवस सुट्टी. ऊसतोड हंगामात आठवड्याची सुट्टी नसते, आणि तोडणारी बाई पहाटे तीनला चूल पेटवून फडावर जाते. खाड्याचा दंड म्हणजे शब्बाथवर लावलेला कर. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. राज्यघटनेच्या १४० व्या कलमाने १९१९ च्या वायमार घटनेतलं रविवारचं संरक्षण तसंच उचललेलं आहे. बर्लिनने ख्रिसमसआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २००९ मध्ये जिंकली. त्या निकालाने मोकळा झालेला रविवार कधीच चर्चला न जाणाऱ्या दुकानातल्या बाईलाही मिळाला, आणि तिला त्यासाठी कुठला रकाना भरावा लागला नाही. चर्चकराच्या सगळ्या युरोंपेक्षा मला हा दावा जास्त ख्रिस्ती वाटतो.

इथलं सगळं असंच आहे असं कोणी समजू नये. वसंतात शतावरीचे पांढरे कोंब काढायला रुमानिया, पोलंडहून मजूर येतात, वाकून काढतात, कंटेनरमध्ये राहतात. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२ युरो ८२ सेंट होतं, २०२६ पासून १३ युरो ९०. कायद्याप्रमाणे रोजचं काम कधी सुरू झालं, कधी संपलं आणि किती तास झालं हे मालकाने ७ दिवसांच्या आत लिहायचं आणि २ वर्षं जपायचं. कागदावर ८ तास आणि बांधावर ११, ही इथली काटामारी. उरलेलं राहण्या-खाण्याच्या कपातीत जातं. २०२० च्या जूनमध्ये ऱ्हेडा-व्हीडेनब्रूकच्या एका कत्तलखान्यात दीड हजारांच्या आसपास कामगारांना कोविड झाला, तेव्हा देशाला कळलं की मांस कापणारे लोक कारखान्याचे नोकर नव्हतेच, ठेकेदाराच्या ठेकेदाराचे होते. लेंगेरिखचे कॅथलिक धर्मगुरू पेटर कोसेन हेच कित्येक वर्षं उपदेशात आणि रस्त्यावर सांगत होते, या ठेकेदारीला आधुनिक गुलामी म्हणत होते. १ जानेवारी २०२१ पासून मांसउद्योगात कत्तल आणि कापणीच्या कामाला अशी ठेकेदारी बंद झाली. मुकादम मधून निघाला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

आणि हेच जर्मन चर्च स्वतःच्या दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत मालक म्हणून उभं राहतं तेव्हा संप मान्य करत नाही, पगार स्वतःच्या आयोगात ठरवतं. दुसऱ्याच्या काट्याकडे बोट दाखवताना आपला काटा झाकायची सवय सार्वत्रिक आहे. सीमाभागातल्या मंडळ्यांनी सुरुवात घरापासून करावी असं मला वाटतं ते याचमुळे. चर्चच्या शाळेतल्या आयाचा, घंटा वाजवणाऱ्याचा, दफनभूमी साफ करणाऱ्याचा पगार किमान वेतनाइतका आहे का? भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? वार्षिक सभेत झुंबराच्या खर्चावर तासभर चर्चा होते. या दोन प्रश्नांना दहा मिनिटंही लागणार नाहीत, म्हणून तर ते विचारायला अवघड आहेत.

निपाणीतली तंबाखू आणि बिडी याच रांगेत येतात. बिडी वळणारी बाई हजारावर पैसे घेते आणि ठेकेदार त्यातून 'छाट', म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, बाजूला काढतो. कर्नाटकाच्या जुन्या बिडी नियमांत ५ टक्क्यांवर छाट साधारणपणे काढू नये असं होतं. म्हणजे हजारात ५०. रोज किती छाट निघाली हे ओट्यावर खडूने लिहिलं तरी महिन्याअखेर दिसतं की दोष बोटांत आहे की मापात. आमोसचं लहान केलेलं माप अजून वापरात आहे, एवढंच.

बेळगावच्या ख्रिस्ती लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, तिथल्याच मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५७ मध्ये त्यांनी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती लिहिली, आणि तिचा विषय विधवांची दशा हा होता. त्या विधवा ख्रिस्ती नव्हत्या. लिहिणारा ख्रिस्ती होता.

सीमावादाचं इथून काय दिसतं हेही सांगायला हवं, नाहीतर मराठीत लिहून ते टाळल्यासारखं होईल. ८६५ गावांचा दावा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, आणि २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती. मंडळ्यांच्या आतही तेच: पहिली उपासना कोणत्या भाषेत, कोकणी गीत किती, कन्नड वाचन कोणी करायचं. मराठीवर अन्याय झाला आहे. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, ही १९५६ पासूनची हमी कागदावरच राहिली. पण पाटीवरच्या मराठीसाठी जितका घसा सुकतो त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी तो फडावरच्या मराठीसाठी सुकायला हवा. बीड भागातल्या टोळ्या दिवाळीनंतर चिकोडी, निपाणी, अथणीच्या कारखान्यांवर येतात आणि मार्चपर्यंत राहतात. त्यांची मुलं मराठी बोलतात, गावी मराठी शाळेत असतात. कारखान्यावर ती पालाबाहेर लहान भावंडं राखत बसतात. त्याच पंचक्रोशीत सरकारी मराठी शाळा आहेत आणि त्यांचा पट घसरतो म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीची माणसं काळजीत असतात. एका बाजूला मुलांशिवाय शाळा, दुसऱ्या बाजूला शाळेशिवाय मुलं, भाषा एकच. आपण मात्र दुकानाच्या पाटीवर भांडतो.

हे जुळवायला चर्चला स्वतःचा एक रुपया घालायचा नाही, आणि घालूही नये. स्वतःची शाळा काढली की आमिषाचं कलम समोर येतं. सरकारी शाळेत नाव घालणं हा मुलाचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आहे. दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. महाराष्ट्रात स्थलांतराला निघणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, ते पालकांना मागावं, बऱ्याचदा ते पेटीच्या तळाशी पडलेलं असतं. प्रवेश झाला की अक्षर दासोह या कर्नाटकातल्या शालेय योजनेचं दुपारचं जेवणही त्याच हक्कात आलं. दासोह हा बसवण्णांच्या परंपरेतला शब्द. ख्रिस्ती माणसाने एका मराठी मुलाला त्या ताटापर्यंत सोडावं, यात मला विसंगती दिसत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगतो. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फड संपला की पुढे सरकतात, पंधरवड्यात शाळा लांब पडते. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ एका जागी हंगामभर राहतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. दुसरं, नऊदहा वर्षांची मुलगी शाळेत येत नाही कारण कडेवर भाऊ असतो. तिला समजावण्यात वेळ घालवू नये, आधी भावाचं नाव जवळच्या अंगणवाडीत घालावं, मुलगी आपोआप सुटते. तिसरं, मार्चमध्ये परतताना हजेरीचं पत्र न घेता गेलं तर गावची शाळा मुलाला गैरहजर धरते आणि सगळं पाण्यात जातं. चौथं, पाळक किंवा धर्मगुरू स्वतः पुढे होऊन फोटो काढून घेतात. तो एक फोटो पुढे तक्रारीला जोडला जातो. मुख्याध्यापक आणि एसडीएमसीचा (शाळेच्या देखरेख समितीचा) सदस्य यांनीच नोंद करावी, मंडळीतल्या माणसाने पालावरून शाळेपर्यंत वाट दाखवण्यापुरतं असावं. आणि विजयपूर, बागलकोटकडच्या कन्नड टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर जातात, त्यांच्या मुलांना तिथे कन्नड शाळा शोधून देणं हेही सीमेपलीकडच्या मराठी मंडळ्यांचंच काम आहे. ते केल्याशिवाय अलीकडे बोलायला तोंड राहत नाही.

हे सगळं केलं तर धोका नाही असं नाही, तो फक्त दुसरीकडून येतो. नाताळच्या कार्यक्रमाला हार घालायला कारखान्याचे संचालकच येतात आणि मंडपाचं बिलही बहुधा तेच भरतात. ज्या वर्षी मंडळीतला कोणी काट्याच्या तीन आकड्यांची वही घेऊन उभा राहील, त्या वर्षी मंडपाचे पैसे वर्गणीतून काढावे लागतील. कार्यकारिणीने ते ऑगस्टमध्येच अंदाजपत्रकात धरावेत.

कारखान्याच्या शेतकी विभागाकडे येणाऱ्या टोळ्यांची आणि वाहनांच्या करारांची यादी असते. बैलगाड्यांच्या टोळ्यांचे मुक्काम कुठे पडणार हे मुकादमाला गाळप सुरू होण्याआधीच ठाऊक असतं. मुलांची नावं, वय, गावच्या शाळेतली इयत्ता आणि अंगणवाडीच्या वयाची भावंडं, एवढे चार रकाने पुरतात. मुख्याध्यापकांना बाकं आणि जेवणाचा आकडा वाढवून मागायला वेळ लागतो, म्हणून ही यादी त्यांच्या हातात दिवाळीच्या सुट्टीआधी पडायला हवी.